दादा बाप झाला, गळ खुंटीला गेला!

रविवारची पहाट तलावावर, नाश्त्याला तर्री-पोहे, दुपारी सावजी. असा आमच्या दादाचा सुखाचा रविवार होता. मग घरात पाळणा आला. छंद, तब्येत आणि तान्हं बाळ यांचा मेळ बसवता बसवता एका नव्या बापाची कशी तारांबळ उडते, ते एका आत्याने घरबसल्या पाहिलं. त्याचीच ही गोष्ट.

फुटाळ्यावर आपण कशाला जातो? मक्याचं कणीस खायला, सूर्यास्त मागे ठेवून सेल्फी काढायला आणि सबमिशनचं टेन्शन विसरायला. पण नागपूर हे तलावांचं शहर आहे, हे खरं कळतं ते पहाटे साडेपाचला. तेव्हा गाड्या नसतात, गाणी नसतात, गर्दी नसते. काठावर एखादाच माणूस हातात काठी धरून पुतळ्यासारखा बसलेला दिसतो. पाण्यावर तरंगणाऱ्या इवल्याशा बोयावर त्याची नजर खिळलेली असते.

आमच्या घरी तो माणूस म्हणजे माझा दादा.

हा छंद त्याला आबांकडून मिळाला. आबा गळाला ‘गरी’ म्हणायचे. बांबूची काठी, तंगूस म्हणजे ती पारदर्शक नायलॉनची दोरी, शिशाचा तुकडा आणि मोराच्या पिसाच्या दांडीचा बोया, एवढंच त्यांचं सामान. आमिष म्हणून गांडूळ, नाहीतर आईच्या परातीतून पळवलेला कणकेचा गोळा. दादाने नोकरी लागल्यावर ऑनलाइन रॉड आणि रीळ मागवलं, पण कणकेचा गोळा मात्र अजूनही आईच्या परातीतलाच.

“दर रविवारी जातोस, मासे तर चार महिन्यांत दोनदा आणलेस,” असं मी एकदा चिडवलं होतं. तो म्हणाला, “अगं, मासा लागला नाही तरी चालते ना. दोन तास फोन वाजत नाही, तेवढंच पाहिजे मले.”

मिहानमधल्या एका कंपनीत तो काम करतो. दिवसभर कानाला हेडफोन. त्यामुळे त्या दोन तासांची किंमत आम्हाला सगळ्यांना कळत होती. वहिनीलाही. निदान मागच्या पोळ्यापर्यंत तरी.

पाळणा आला, रविवार गेला

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात माझी भाची जन्मली. दादाला ऑफिसकडून पाच दिवसांची सुट्टी मिळाली. त्यातले दोन दिवस हॉस्पिटलात गेले, एक दिवस जन्माच्या नोंदीच्या कागदपत्रांत, आणि उरलेले दोन दिवस पाहुण्यांना चहा देण्यात. सहाव्या दिवशी तो लॅपटॉप उघडून बसला, तेव्हा बाळाची शी कशी धुवायची हेही त्याला नीट येत नव्हतं.

पहिले दोन महिने गळ माळ्यावरच होता. दिवाळीनंतर एका रविवारी दादाने तो हळूच खाली काढला. पहाटे पाचला गेला आणि साडेदहाला आला. वाटेत मित्रांसोबत तर्री-पोहेही झाले. घरी पोहोचला तेव्हा वहिनी हॉलमध्ये बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती. रात्रभर बाळाच्या पोटात दुखत होतं. वहिनीने केस विंचरले नव्हते, चहा घेतला नव्हता. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, “तुम्हाला रविवार मिळतो. मला कोणता वार मिळतो, तेवढं सांगा.”

दादाकडे उत्तर नव्हतं. खरं सांगू? आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. आई तर पटकन म्हणून गेली, “अगं, तो दिवसभर राबतो.” मग तीच थांबली. कारण राबत कोण नव्हतं?

हे फक्त आमच्या घरचं नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर ‘वेळ वापर सर्वेक्षण’ केलं. १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के महिला घरातल्या माणसांची देखभाल करतात, पुरुषांमध्ये हेच प्रमाण २१.४ टक्के आहे, असं त्यात दिसलं. देखभाल करणाऱ्यांमध्येही बाईची रोजची १४० मिनिटं जातात, पुरुषाची ७४. म्हणजे जो पुरुष मदत करतो, तोही साधारण अर्ध्यावर थांबतो. आमच्या दादाला मी हे आकडे दाखवले. तो म्हणाला, “७४ मिनिटं म्हणजे बरंच आहे बे.” वहिनीने फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प.

लाडू कोणी संपवले?

इकडे दुसरंच एक प्रकरण शिजत होतं. बाळंतिणीसाठी आईने डिंकाचे आणि हळिवाचे लाडू केले होते. स्टीलचा मोठा डबा भरून. पंधरा दिवसांत डबा रिकामा! वहिनी म्हणाली, मी रोज एकच खाते. चौकशीअंती चोर सापडला. रात्री दोनला बाळाला झोपवून झालं की दादाला भूक लागायची. समोर डबा असायचा. एक लाडू, मग अजून अर्धा, मग उरलेला अर्धा ठेवून काय करायचा म्हणून तोही.

आम्ही हसलो. पण जानेवारीत ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला, तेव्हा हसू थांबलं. पाच महिन्यांत सहा किलो वजन वाढलेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीएवनसी’ ही टेस्ट ५.९ टक्के. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. दादाचं वय २९. आबांना मधुमेह होता, बाबांना आहे.

तो रिपोर्ट दादाने दोन दिवस कोणालाच दाखवला नाही. नंतर मला म्हणाला, “मी पोरीच्या लग्नाचा विचार करून राहिलो होतो. तेव्हा मी किती वर्षांचा असेन, कसा असेन, असं.” पोरगी पाच महिन्यांची! पण त्याच्या आवाजात गंमत नव्हती.

बाप झाल्यावर पोट सुटतं, हा फक्त घरगुती जोक नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १० हजारांहून जास्त पुरुषांची वीस वर्षांची माहिती तपासली. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांसोबत राहणाऱ्या, पहिल्यांदा बाप झालेल्या सहा फुटी पुरुषाचं वजन सरासरी ४.४ पौंडांनी, म्हणजे दोन किलोंनी वाढलं होतं. त्याच काळात बाप न झालेल्यांचं वजन थोडं कमी झालं होतं. कारणं आपल्या घरात डोळ्यांसमोर दिसतात. झोप मोडली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं कमी होतं. व्यायामाची वेळ जाते. आणि ताटात उरलेलं संपवायची सवय लागते.

त्यात आपण नागपूरकर! सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी समोसा, पाहुणा आला की पाटोडी-रस्सा आणि रविवारी सावजी. सावजीचा तवंग पाहूनच आपलं मन भरतं. मी सावजीच्या विरोधात एक शब्द लिहिणार नाही, मला याच शहरात राहायचं आहे. पण दर रविवारी सावजी आणि रोज रात्री लाडू, हे गणित २९व्या वर्षीसुद्धा जमत नाही, हे रिपोर्टने सांगितलं.

कॅप्टनलाही सुट्टी लागते

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. बापाला बाप व्हायला वेळच मिळत नाही. आणि मिळाला तर लोक नावं ठेवतात.

क्रिकेटचंच घ्या. १९७६ मध्ये रोहन जन्मला तेव्हा सुनील गावसकर न्यूझीलंड दौऱ्यावर होते, आणि तिथून पुढे वेस्ट इंडिजचा दौरा होता. लेकाचं तोंड त्यांनी पाहिलं ते दौरे आटोपून घरी आल्यावर. २०१५ मध्ये धोनीला लेक झाली तेव्हा तो वर्ल्ड कपसाठी ऑस्ट्रेलियात होता. डिसेंबर २०२०मध्ये मात्र ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपल्यानंतर विराट कोहली पितृत्व रजेवर घरी परतला. केवढी टीका झाली! पुढे अजिंक्य रहाणेच्या नेतृत्वाखाली आपण ती मालिका २-१ ने जिंकलो.

आणि आपला रोहित शर्मा, नागपुरातच जन्मलेला! नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला मुलगा झाला आणि कॅप्टन असूनही तो पर्थची पहिली कसोटी खेळला नाही. बुमराने टीम सांभाळली आणि आपण २९५ धावांनी जिंकलो. कॅप्टन घरी राहिला म्हणून जग बुडालं नाही.

पण रोहितला जे मिळालं ते माझ्या दादाला कायद्याने मिळत नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, ती बाळाच्या जन्मापासून सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते. आईसाठी २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे आहेत. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र असा कायदा नाही. कंपनीची मर्जी. आपल्याच महाराष्ट्रातले हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक आणलं होतं. १५ दिवसांची रजा, ती तीन महिन्यांपर्यंत वाढवता यावी, असा त्यात प्रस्ताव होता. त्याचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये गेले.

तुम्ही म्हणाल, आम्ही अजून कॉलेजात आहोत, आम्हाला काय त्याचं? उद्या कॅम्पस प्लेसमेंटमध्ये पॅकेज विचारताना ‘पितृत्व रजा किती?’ हा प्रश्नही विचारा ना. मुलांनी विचारला तर जास्त बरं.

ताटात मासा, पण कोणता?

रिपोर्टनंतर दादाने पहिला युक्तिवाद केला तो असा: “मासे तब्येतीला चांगले असतात, म्हणजे गळ टाकणं हेच माझं डाएट.” वहिनीने त्यावर हातच जोडले.

अर्धं बरोबर होतं त्याचं. माशात चांगलं प्रथिन असतं, पचायला हलकं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शिकेतही मांस खाणाऱ्यांनी मटणापेक्षा माशाला पसंती द्यावी असा सल्ला आहे. पण ज्या ओमेगा-३ मुळे मासा हृदयाला चांगला म्हणतात, ते बांगडा, तारली यांसारख्या तेलकट समुद्री माशांत भरपूर असतं. आपल्या तलावातल्या रोहू-कटल्यात त्यामानाने कमी. आणि तोच रोहू बेसनात घोळवून भरपूर तेलात तळला, किंवा दोन बोटं तवंगाच्या रश्श्यात बुडवला, तर माशाचा फायदा तेलातच राहतो.

दुसरा मुद्दा पाण्याचा. शहरातल्या तलावांमध्ये सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, हे आपण बातम्यांत वाचतोच. अशा पाण्यातला मासा गळाला लागला तरी तो ताटात नको, विशेषतः घरात अंगावर पाजणारी आई आणि लहान बाळ असताना. गंमत म्हणून धरलेला मासा परत सोडता येतो. खायचा मासा बाजारातून, ओळखीच्या मासेवाल्या मावशीकडून, कल्ले लालभडक आणि डोळे चकचकीत पाहून.

आणि शाकाहारी मित्रमैत्रिणींनो, तुम्ही हिरमुसू नका. वनस्पतींमधलं ओमेगा-३ ज्यात भरपूर आहे, ते जवस आपल्या विदर्भातलंच. आजीच्या हातची जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, हिवाळ्यात ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी. परदेशी सीड्सच्या महागड्या पाकिटांपेक्षा हे स्वस्त आणि चवीलाही भारी.

डॉक्टरांनी दादाला काही वेगळं सांगितलं नाही. अर्धं ताट भाज्या, एक वाटी वरण, भाताची एकच मूद, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं जोरात चालणं. गळ टाकून बसणं हा व्यायाम नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. दादाचं तोंड पडलं.

घरात मात्र एक बदल झाला, आणि तो वहिनीने नाही, आईने केला. लाडवांचा डबा वरच्या फळीवर गेला. रात्रीच्या ड्यूटीसाठी ओट्यावर भाजलेले फुटाणे आणि संत्रं ठेवलं जाऊ लागलं. रात्री दोनला माणूस समोर असेल ते खातो. मग समोर काय ठेवायचं, तेवढंच दिवसा ठरवायचं.

आपला छंद, कोणाचं तरी पोट

दादा जातो तो तलाव शहराबाहेर हिंगण्याकडे आहे. तिथे गळ टाकताना त्याने एक गोष्ट शिकली, ती मलाही माहीत नव्हती. तलाव ‘कोणाचाच नसतो’ असं नाही. बहुतेक तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. संस्था त्यात मत्स्यबीज सोडते, राखण करते. त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली भाजी तोडणं. दादा संस्थेच्या काकांना विचारून बसतो, मोठा मासा लागला तर त्यांना देतो किंवा पैसे मोजतो. पेंचसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर मासेमारीला बंदीच आहे. तोतलाडोह जलाशयात त्यावरून वर्षानुवर्षं संघर्ष झाला आहे.

विदर्भात पाणी आणि मासे हा ढिवर, भोई, कहार, केवट या समाजांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संसार आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारी गेल्यावर त्यांना ‘माजी मालगुजारी’ किंवा लाडाने ‘मामा तलाव’ म्हणू लागले. गाळ भरला, बेशरमची झुडपं माजली, बाहेरचे मासे आले आणि स्थानिक मासे कमी होत गेले. अर्जुनी मोरगाव भागात मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत या तलावांवर काम केलं. बायका पाण्यात उतरून बेशरम उपटतात आणि माशांना खायला-लपायला लागणाऱ्या पाणवनस्पती पुन्हा लावतात. आपण ज्याला गवत म्हणून नाक मुरडतो, ते माशांचं बाळंतपणाचं घर असतं.

ही ओळ लिहिताना मला दादाचीच आठवण येते, कारण पुढची गोष्ट तिथेच घडली.

मरळ नावाचा बाप

फेब्रुवारीपासून घरात नवा करार झाला. रविवारी पहाटे पाच ते साडेसात दादाची सुट्टी, पण एक रविवार सोडून एक. पोहे घरी. तो आला की नऊ ते साडेअकरा वहिनीची सुट्टी. त्या वेळात ती झोपो, मैत्रिणीकडे जावो, की नुसती गच्चीवर बसो, कोणी विचारायचं नाही. बाळाची आंघोळ, मालिश, कपडे, सगळं दादाकडे. आणि रोज संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन अर्धा तास चालणं. मुलीला वारा, बापाला व्यायाम.

पहिल्या आठवड्यात त्याने चार वेळा वहिनीला फोन केला. “लंगोट कुठे आहे?” “रडून राहिली, काय करू?” पाचव्यांदा तिने उचललाच नाही. त्या दिवसापासून तो शिकला.

हे सगळं गोड-गोड झालं असं नाही. मार्चमध्ये एक काळ असा आला की दादा कोणाशी बोलायचाच नाही. तलावावर जायची पाळी आली तरी जायचा नाही. आम्हाला वाटलं थकला असेल. ‘बाळंतपणानंतरची उदासी’ हे शब्द आपण आईबद्दलच ऐकतो. पण २०१० मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, त्यात सुमारे १० टक्के बापांमध्येही नैराश्य आढळलं होतं, आणि बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना सर्वांत जास्त. दादाला शेवटी वहिनीनेच बोलतं केलं. तो म्हणाला, “मी ऑफिसातही अर्धा आहे अन्‌ घरीही अर्धा.” मग दोघं मिळून डॉक्टरांकडे गेले. मला वाटतं, त्या महिन्यात आमच्या घरात खूप काही सावरलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी दादासोबत तलावावर गेले. रात्री पाऊस झाला होता, काठावरचं गवत पाण्यात बुडालेलं. दादाने गळाला गांडूळ लावलं आणि तेवढ्यात थांबला. “ते पाहा.”

उथळ पाण्यावर लालसर ठिपक्यांचा एक गोळा हलत होता. पाऊस पडल्यासारखं पाणी तिथेच तेवढं थरथरत होतं. शेकडो इवली पिल्लं श्वास घ्यायला वर येत होती. त्यांच्या खाली, मधूनच दिसणारी, एक काळपट लांबट सावली.

“मरळ आहे,” दादा कुजबुजला. “खाली बाप आहे त्यांचा.”

मरळीला कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेता येतो, म्हणून ती चिखलातही तगते. पावसाळ्यात ती गवत बाजूला सारून जागा करते. अंडी पाण्यावर तरंगतात. मग आई-बाप, त्यातही बराच काळ बाप, अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतो. जवळ काहीही आलं की त्याच्यावर धावून जातो. म्हणूनच या दिवसांत मरळ गळाला पटकन लागते. भूक लागली म्हणून नाही, पिल्लांजवळ आलेल्या वस्तूवर ती तुटून पडते म्हणून. आणि तो एक मासा उचलला की वरचा लाल गोळा काही वेळात बाकीच्या माशांच्या पोटात जातो.

बाजारात मरळीला चांगला भाव आहे. काटे कमी, चव मस्त. दादाने आयुष्यात दोनदाच मरळ धरली होती आणि दोन्ही वेळचे फोटो अजून त्याच्या फोनमध्ये आहेत. गळ हातात तयार होता. अंतर दहा फूटही नव्हतं.

दादाने गांडूळ काढून चिखलात सोडलं. रीळ गुंडाळलं. आम्ही तिथे अर्धा तास नुसते बसलो. तो काहीच बोलला नाही, मीही विचारलं नाही. निघताना संस्थेच्या काकांना त्याने सांगितलं, “काका, आता पोळ्यानंतरच येतो.” काका हसले. म्हणाले, समुद्रावर जून-जुलैत बोटी बंद असतात ना, मग इथल्या माशांनाही मिळू दे सुट्टी.

आम्ही सव्वासातला घरी पोहोचलो. करारापेक्षा पंधरा मिनिटं आधी. वहिनीने घड्याळाकडे पाहिलं, मग दादाच्या रिकाम्या पिशवीकडे. “काही नाही मिळालं?” दादाने बाळाला उचललं आणि आंघोळीचं पाणी काढायला गेला.

मागच्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. चार किलो कमी, साखर ५.६. दादाने तो फ्रिजवर चिकटवला आहे, शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखा. पोळ्याला भाची एक वर्षाची होईल. तान्ह्या पोळ्यासाठी तिचा लाकडी नंदी आताच आणून ठेवला आहे. माळ्यावर, गळाच्या शेजारी.

चौकट: घरात नवा बाप असेल तर...

• ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणू नका. ‘मी पाच ते सहा बाळाला सांभाळते’ किंवा ‘सांभाळतो’ असं वेळेसकट सांगा.

• रात्री जागणाऱ्यांसाठी ओट्यावर फुटाणे, फळं, ताक ठेवा. लाडू, शेव, बिस्किटं नजरेआड.

• छंद बंद करू नका, वाटून घ्या. बापाला जेवढे तास, आईलाही तेवढेच, विनाप्रश्न.

• सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. त्यानंतर वरचं अन्न, आणि मासा द्यायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, काटे नीट काढून, मऊ शिजवून.

• नवा बाप गप्प गप्प, चिडचिडा झाला असेल तर ‘थकला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

चौकट: गळ टाकायला जाताय?

• तलाव कोणत्या संस्थेकडे आहे ते विचारा, परवानगी घ्या. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्यात अजिबात नाही.

• तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत अडकतो. गुंडाळून घरी आणा.

• मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा आणि लवकर सोडा.

• पावसाळ्यात पिल्लांचा गोळा दिसला तर गळ आत.

• एकट्याने जाऊ नका, पोहता येत असलं तरी पाण्यात उतरू नका. दर पावसाळ्यात आपल्या भागातल्या तलावांवरून येणाऱ्या बातम्या आठवा. घरी कोणीतरी वाट पाहत असतं.